तीन हजार दोनशे चाळीस काकू

बुधवारी सकाळी गुरुजींच्या दारात एक मुलगी उभी राहिली. खांद्याला पिशवी, हातात पाटीला लावलेले फॉर्म आणि गळ्यात सरकारी ओळखपत्र. ओळखपत्रावरचा फोटो इतका गंभीर होता की तो तिच्या मोठ्या बहिणीचा वाटावा.

"तुमचं घर निवडलं गेलंय," ती म्हणाली.

काकू भांडी घासत होत्या. त्यांनी हात पुसले. "कशाला?"

"देशाला मोजायला."

"सगळा देश आमच्या घरात? आत ये बाई, पण जागा कमी आहे."

गुरुजी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी नवं काही शिकायला मिळणार म्हटलं की त्यांचे डोळे पहिलीतल्या पोरासारखे चमकायचे. त्यांनी मुलीला खुर्ची दिली आणि ते समोर स्टुलावर बसले. मुलीनं समजावून सांगितलं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून एकमेकांना शब्द दिला होता, की अमुक सालापर्यंत सतरा गोष्टी करून दाखवू. कोणी उपाशी राहणार नाही, सगळी मुलं शाळेत जातील, प्यायचं पाणी घराजवळ मिळेल, अशा सतरा. यांना म्हणायचं शाश्वत विकासाची उद्दिष्टं. शब्द देणं सोपं असतं. पण शब्द दिला की तो कुठवर पाळला हे दर वर्षी मोजून दाखवावं लागतं. देशात घरं कोट्यवधी आणि मोजणारे थोडे, त्यांतलेही दोघे रजेवर. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही घरं निवडायची आणि त्यांच्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा," गुरुजी म्हणाले.

"अगदी तसंच. तुमचं घर तीन हजार दोनशे चाळीस घरांच्या वतीनं बोलणार."

काकूंनी वळून मोरीतल्या खरकट्या भांड्यांकडे पाहिलं. "मग आधी सांगायचं की गं. आता तीन हजार घरांत भांडी पडलीत असं होईल."

"भांड्यांचा प्रश्न फॉर्मात नाही काकू."

"नशीब," काकू म्हणाल्या आणि पदराआड एक कप सरकवला.

या मुलीला गल्लीनं पहिल्याच दिवशी मोजणीताई असं नाव देऊन टाकलं. तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात वीज आहे का, किती तास असते, चूल कोणती, संडास कुठे. गेल्या सात दिवसांत कोणी संगणकावर काम केलं का, यावर काकू म्हणाल्या, "तो आमच्याकडे आलाच नाही." मोजणीताईनं 'नाही' वर खूण केली.

"म्हणजे आता तीन हजार घरांत नाही असं झालं?"

"हो. प्रत्येक घराला एक वजन असतं काकू."

"माझं वजन लिहू नकोस."

एकसष्टावा प्रश्न पाण्याचा होता. गल्लीत नळ नव्हता. पिठाच्या गिरणीमागे सार्वजनिक नळ होता, आणि काकू रोज सकाळी पंधरा लिटरचा पिवळा कॅन घेऊन तिथे जायच्या. गुरुजींचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती, आणि त्या ताकिदीवर काकूंचा पहारा.

"जाणं, रांगेत थांबणं आणि येणं," मोजणीताईनं विचारलं, "सगळं मिळून किती वेळ लागतो? तीस मिनिटांच्या आत की बाहेर?"

"तास लागतो," गुरुजी म्हणाले.

"पाव तास," काकू म्हणाल्या.

दोघंही एकाच वेळी आणि सारख्याच खात्रीनं बोलले. मोजणीताईची पेन्सिल हवेत थांबली.

हा तीस मिनिटांचा आकडा साधा नव्हता. तीसच्या आत म्हणजे पाणी जवळ आहे असं धरायचं. तीसच्या बाहेर म्हणजे लांब. आणि ज्या भागात पाणी लांब, त्या भागाचं नाव नव्या पाइपलाइनच्या यादीत वर जायचं. नियमाप्रमाणे मोजणीताईनं हे सांगायचं नव्हतं, तिनं सांगितलंही नव्हतं. गुरुजींनी आपल्या नियमाप्रमाणे खोदून खोदून विचारून काढलं होतं.

"मग मोजूनच बघावं लागेल," ती म्हणाली. "उद्या मी घड्याळ घेऊन तुमच्याबरोबर येते. तुम्ही नेहमी जाता तसं जायचं. मी काही बोलणार नाही."

"तू बोलली नाहीस तर मला चालवणार नाही," काकू म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली, आणि तिथून सभापतींच्या कानावर गेली. सभापती म्हणजे वॉर्डाचे प्रमुख. त्यांना सगळे शंभरटक्के म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की ते "शंभर टक्के" म्हणायचे आणि विसरायचे. एके काळी ते गुरुजींच्याच वर्गात होते. गणितात पस्तीसच्या वर कधी गेले नाहीत, म्हणून आता शंभरच्या खाली येत नाहीत, असं सायकल दुरुस्तीवाला म्हणायचा. शंभरटक्क्यांनी गेल्याच महिन्यात एक मोठा निळा फलक रंगवून घेतला होता: 'सहावे उद्दिष्ट, पाणी. आमचा वॉर्ड: शंभर टक्के.' फलक त्यांच्या ऑफिसात भिंतीला टेकून उभा होता. फक्त आकडा यायचा बाकी होता.

म्हणजे गल्लीला काकू तीसच्या बाहेर हव्या होत्या आणि शंभरटक्क्यांना तीसच्या आत. काकूंना कोणी विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी काकू कॅन घेऊन बाहेर पडल्या तर गल्ली ओळखू येईना. वाट झाडून लख्ख केलेली. वाटेतला मोठा दगड, ज्याला वळसा घालून लोकांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या, रातोरात नाहीसा झालेला. नळावर एरवी चार-पाच जणी असायच्या, तिथे आज शुकशुकाट. शंभरटक्क्यांचे दोन कार्यकर्ते नळाच्या दोन्ही बाजूंना पाहुण्याचं स्वागत करायला उभे राहावं तसे उभे होते, आणि त्यांच्या पायाशी एक कॅन आधीच भरून ठेवलेला.

गल्लीही हातावर हात ठेवून बसली नव्हती. सायकलवाल्यानं एक अख्खी सायकल सुटी करून तिचे भाग वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरले होते. कोंबड्या पाळणाऱ्या मावशींनी खुराड्याचं दार उघडून दिलं होतं. शिंपीणबाई हातात टेप घेऊन दारात उभ्या. "काकू, थांबा, तुमच्या बाहीचं माप राहिलंय."

"मी काही शिवायला टाकलंच नाही."

"टाकाल. माप घेऊन ठेवते."

मोजणीताई मागून घड्याळ धरून चालत होती, ओठ घट्ट मिटून. तिच्या मागून गल्लीतली चाळीसेक माणसं, त्यांच्या मागून कोंबड्या. काकू सायकलीच्या चेनवरून पाय उचलून जाईपर्यंत एका कार्यकर्त्यानं पुढे होऊन भरलेला कॅन उचलला आणि आडवाटेनं पळत सुटला. तो गुरुजींच्या दारात पोचला, आणि त्याच्यामागून मोजणीताई, तेव्हा काकू अजून शिंपीणबाईंच्या टेपमध्ये अडकल्या होत्या.

"बावीस मिनिटं," शंभरटक्के दारातूनच म्हणाले. "लिहा ताई."

"काकू कुठे आहेत?" मोजणीताईनं विचारलं.

"पाणी आलं ना?"

"पाणी आलं. काकू यायच्यात. मी कोणाची वेळ लिहू?" तिनं पान फाडलं. "नियमात 'नेहमीप्रमाणे' असा शब्द आहे साहेब. यातलं नेहमीचं एकच होतं, कॅनचा रंग. मी परत येईन. कधी ते सांगणार नाही."

ती सोमवारी आली, सकाळी साडेसहाला. त्या वेळी सरकार येईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. शंभरटक्के झोपले होते. दगड परत जागेवर आला होता, कारण नेऊन टाकला होता तिथल्या लोकांनी तक्रार केली होती. नळावर नेहमीची रांग. सायकलवाला दात घासत होता. काकू गेल्या, पाणी भरलं, आल्या. मोजणीताईनं प्रत्येक थांब्याची वेळ वेगळी लिहिली आणि शेवटी बेरीज केली.

सदतीस मिनिटं.

हे कळलं तेव्हा सायकलवाल्यानं तोंडातला ब्रश काढला आणि घंट्यांच्या खोक्यातून एक उचलून वाजवली. मावशींनी काकूंच्या हातात दोन अंडी ठेवली. आठ वाजता शंभरटक्के डोळे चोळत आले. त्यांनी कागद मागून घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागले.

"हे काय? सायकलवाल्याच्या दारात चार मिनिटं. शिंपीणबाईंच्या दारात पाच. मावशींच्या दारात चार. हे कसलं पाणी?"

"तिथे काकू थांबल्या होत्या," मोजणीताई म्हणाली.

"कशाला?"

"बोलायला."

शंभरटक्क्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असावी. "तेरा मिनिटं गप्पा. सदतीसातून तेरा गेले. चोवीस. गुरुजी, बरोबर ना?"

गुरुजींना खोटं बोलता येत नसे, वजाबाकीत तर मुळीच नाही. "बरोबर," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

मोजणीताईनं नियमांची पुस्तिका चाळली. रांगेतलं थांबणं होतं. रस्त्यातल्या गप्पा कुठेच नव्हत्या. तिनं ऑफिसात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"थांबून काय करतात त्या?" पलीकडून साहेबांनी विचारलं.

"बोलतात सर."

"कशाबद्दल?"

"आज एका कोंबडीच्या पायाबद्दल."

"पाण्याबद्दल नाही?"

"नाही सर."

"पाण्याबद्दल असतं तर विचार करता आला असता." कागद उलटल्याचा आवाज आला. "हे बघा. ओझं घेऊन माणूस विश्रांतीला थांबला तर ते धरायचं. स्वतःच्या मर्जीनं थांबला तर वजा करायचं. त्यांनाच विचारा आणि लिहा. संध्याकाळी सहाला गाडी येईल फॉर्म न्यायला. त्यानंतर काही बदलता येणार नाही."

सगळी गल्ली काकूंकडे वळली. शिंपीणबाईंनी श्वास रोखला होता. सायकलवाला भुवया वर करून मान हलवत होता, म्हणजे 'हो म्हणा' असं सांगत होता.

"काकू," मोजणीताईनं विचारलं, "तुम्ही विश्रांतीला थांबता का?"

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी त्यांच्याकडेच बघत होते.

"मी?" काकू म्हणाल्या. "पंधरा लिटरसाठी विश्रांती? मला काय धाड भरलीय? बोलायला थांबते. तोंड आहे ते काय नुसतं जेवायला?"

शंभरटक्के "शंभर टक्के" म्हणाले आणि फलक टांगायला निघून गेले. मोजणीताईनं पेन्सिलीनं चोवीस लिहिलं. गल्ली हळूहळू पांगली. शिंपीणबाई जाताजाता म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्या गप्पा ऐकल्या काकू, त्याचं हे फळ." सायकलवाल्यानं घंटी परत खोक्यात टाकली. मावशींनी दिलेली अंडी परत मागितली नाहीत, पण अंड्यांकडे दोनदा बघितलं.

दुपारी चार वाजता गुरुजींच्या ओसरीवर रोजची शाळा भरली. गल्लीतली सहा-सात मुलं गणितं घेऊन यायची. गुरुजी फी म्हणून एकच गोष्ट घ्यायचे: नुसतं उत्तर चालायचं नाही, पायऱ्या दाखवायला लागायच्या. उत्तर चुकलं तर पायऱ्यांमध्ये चूक सापडते, आणि बरोबर आलं तर ते आपलं आहे की शेजारच्याचं ते कळतं, असं ते म्हणायचे. मोजणीताई कोपऱ्यात बसून राहिलेले रकाने पुरे करत होती. सहाची वाट बघत होती.

"ताई," गुरुजी म्हणाले, "तुमचं ते मोजमापाचं पान या मुलांना दाखवलं तर चालेल? पायऱ्या फार नीट लिहिल्यात तुम्ही. असं हल्ली कोणी लिहीत नाही."

तिला बरं वाटलं. तिनं पान दिलं. गुरुजींनी ते मधोमध ठेवलं.

"वाचा. जाताना किती?"

"सात मिनिटं," मुलं म्हणाली.

"रांग आणि भरणं?"

"सहा."

"येताना?"

"चोवीस. त्यातली तेरा थांबण्याची."

"आणि जाताना थांबण्याची किती?"

मुलांनी शोधलं. "शून्य."

"हं." गुरुजी पुढचा प्रश्न विचारणार होते, पण तो त्यांच्या तोंडातच राहिला. ते पानाकडे बघत बसले. मुलांना वाटलं, आपल्याला विचार करायला वेळ दिलाय. म्हणून मुलांनी विचार केला.

"जाताना पण तीच दारं लागतात," एक मुलगा म्हणाला.

"माणसं पण तीच," दुसरा म्हणाला. "मावशी तर पहाटेपासून अंगणातच असतात."

"मग जाताना का नाही बोलत?"

दोन वेण्या घातलेली सगळ्यांत लहान मुलगी खडू चावत होती. तिला कधीच काही अवघड वाटत नसे, म्हणून तिला फारसं कोणी विचारत नसे. "जाताना कॅन रिकामा असतो," ती म्हणाली.

मोजणीताईनं मान वर केली. गुरुजी उठले. "पुढचं उदाहरण सोडवा," असं म्हणून ते आत गेले. पुढचं उदाहरण कुठलं ते सांगायचं राहिलं. मुलांनी पाटीवर विमान काढलं.

काकू स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी चिरत होत्या. गुरुजी समोर जमिनीवर बसले.

"कोणता गुडघा?" त्यांनी विचारलं.

"कसला गुडघा?"

"अगं."

काकूंनी विळी आडवी केली. "दोन्ही. डावा जास्त."

"कधीपासून?"

"तुमच्या ऑपरेशनच्या आधीपासून. तेव्हा थोडा होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? दुसऱ्या दिवशी तुम्ही कॅन घेऊन निघाला असता, आणि तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला घेऊन दवाखान्यात. त्यापेक्षा दोन दारं थांबलेलं परवडलं."

"तीन दारं."

"तीन. मोजायची हौस तुमची." काकूंनी पदराच्या टोकाशी चाळा केला. "कॅन खाली ठेवायचा तर काहीतरी बोलायला हवं ना. नुसतं उभं राहिलं तर लोक विचारतात, काय झालं. त्या मावशींच्या कोंबड्यांची बाळंतपणं मला काय हौस म्हणून तोंडपाठ आहेत? मला कोंबड्या आवडतसुद्धा नाहीत."

गुरुजींनी टोपी काढली आणि परत घातली. चाळीस वर्षं शिकवल्यावर त्यांना एक ठाऊक झालं होतं, की शिकणाऱ्याच्या हातातून खडू कधी काढून घ्यायचा नसतो. "तू सकाळी जे सांगितलंस ते सांगितलंस," ते म्हणाले. "मी बाहेर काही बोलणार नाही. तुझं तू ठरव."

काकूंनी चिरलेली भाजी एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, "एक सांगा. मी सकाळी थाप मारली, म्हणजे त्या तीन हजार दोनशे चाळीस जणींनी मारली?"

"हिशेबानं, हो."

"आणि त्यांतल्या कितींचे गुडघे दुखत असतील?"

"हिशेबानं धरलं तर सगळ्यांचे."

"अगं बाई." काकूंच्या डोळ्यांसमोर ती रांग उभी राहिली असावी. तीन हजार दोनशे चाळीस काकू, प्रत्येकीच्या हातात पिवळा कॅन, प्रत्येकीच्या समोर एक मावशी आणि एक लंगडी कोंबडी. "बिचाऱ्या," त्या म्हणाल्या. "आणि मी त्यांना सगळ्यांना धडधाकट करून टाकलं."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. या वेळी त्यांनी ते लपवलं नाही. बाहेर ओसरीवर गेल्या.

"पोरी, खोडरबर आहे का तुझ्याकडे?"

"आहे काकू."

"मग खोड ते चोवीस. मी टेकायला थांबते. पण एक अट आहे. माझे गुडघे सरकारच्या कागदावर नकोत. कॅन जड आहे असं लिही. दोष कॅनचा."

मोजणीताईनं पुस्तिका उघडली. "'ओझ्यामुळे विश्रांती' असा रकाना आहे. गुडघ्यांना रकानाच नाही."

"बघ, सरकारलाही समजतं कधीकधी."

हे शंभरटक्क्यांना कळायला दहा मिनिटं लागली, कारण ते शिडीवर होते. ते फलकाचा खिळा हातात घेऊनच आले. "काकू, सकाळी एक, संध्याकाळी एक? असं कसं चालेल? पंधरा किलो म्हणजे काय ओझं आहे? शाळेतलं दप्तर असतं तेवढं."

"मग आण की एक कॅन भरून," काकू म्हणाल्या. "पाच वाजलेत. पाव तासाचं काम."

"आत्ता आणतो. घड्याळ लावा ताई."

"पायऱ्या दाखव रे," गुरुजी ओसरीवरून म्हणाले.

शंभरटक्के रिकामा कॅन हलवत, शीळ घालत गेले. जाताना ते सायकलवाल्याशी बोलले नाहीत, शिंपीणबाईंशी बोलले नाहीत, मावशींना तर त्यांनी कधीच ओळख दाखवली नव्हती. नळावर संध्याकाळी रांग नव्हती. मोजणीताई घड्याळ घेऊन मागून चालत होती, ओठ मिटून. गल्लीतले सगळे आपापल्या दारात, आणि कोणीही वाटेत काही टाकलं नव्हतं.

येताना गिरणीच्या वळणावर ते पहिल्यांदा थांबले. कॅन खाली ठेवला. समोर कोणी नव्हतं, म्हणून ते गिरणीच्या भिंतीला म्हणाले, "रंग द्यायला झालाय."

मग मावशींच्या दारात थांबले. "काय मावशी, कोंबड्या बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. एकीचा पाय दुखावलाय."

"अरे अरे. कोणता पाय?" आणि ते तो पाय बघायला खाली बसले. बसले ते बराच वेळ बसले. कोंबडीला सुद्धा नवल वाटलं असावं.

शिंपीणबाईंच्या दारात त्यांनी सुताचे आणि रेशमाचे धागे यांतला फरक समजून घेतला. मग कॅन या हातातून त्या हातात घेत ते सायकलवाल्यापाशी पोचले आणि म्हणाले, "ही सायकल कोणाची आहे?"

"तुमचीच," सायकलवाला म्हणाला. "चार महिने झाले टाकून."

"असं होय. काय झालंय तिला? सावकाश सांगा."

सायकलवाल्यानं खरंच सावकाश सांगितलं. ब्रेकपासून सुरू केलं.

शंभरटक्के गुरुजींच्या ओसरीवर पोचले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला घामाचा नकाशा होता. कॅन ठेवला आणि स्टुलावर बसले. कोणी हसलं नाही. मुलं मात्र पाटीवर घाईघाईनं लिहीत होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस," मोजणीताई म्हणाली. "त्यातली वीस थांबण्याची. मर्जीनं थांबलात की ओझ्यामुळे? मर्जीची असली तर वजा करते."

शंभरटक्क्यांनी काकूंकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. चौथीत फळ्यापुढे उभे असताना पाहायचे तसंच. गुरुजी तेव्हाही वाट बघायचे, आताही बघत होते.

"कॅन जड आहे," शंभरटक्के हळूच म्हणाले.

"शाब्बास," गुरुजी म्हणाले. "बस. पाणी पी."

पावणेसहाला मोजणीताईनं सदतीस लिहिलं, या वेळी शाईनं. सहाला गाडी आली आणि फॉर्म घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्यानं दोन जुनी चाकं आणि एक कॅरिअर जोडून काकूंना कॅन ओढायची गाडी करून दिली. "सांगितलं असतंत तर दोन वर्षांपूर्वीच केली असती," तो म्हणाला. गाडीनं सगळं पाणी अठ्ठावीस मिनिटांत यायला लागलं. गुरुजींना चैन पडेना. त्यांनी मोजणीताईला फोन करून हे प्रामाणिकपणे कळवलं. ती म्हणाली, "फॉर्म त्या दिवसाचा असतो गुरुजी. चाकं पुढच्या मोजणीत धरू. आणि तीन हजार दोनशे एकोणचाळीस घरांत सायकलवाला शेजारी नाही."

वर्षअखेरीस देशाचा अहवाल आला. आकडा मुळातच काठावर होता; पाणी जवळ असलेली घरं एकाहत्तर पॉइंट चार टक्क्यांवरून एकाहत्तर पॉइंट तीनवर घसरली होती. राजधानीत मोठी बैठक झाली म्हणतात. प्रगती पुढे जायची सोडून मागे का आली, असा प्रश्न निघाला. चौकशी खाली खाली येत मोजणीताईच्या साहेबांपर्यंत पोचली, आणि त्यांनी उत्तर पाठवलं: 'आधी नीट विचारलं नव्हतं.' हे त्यांचं नोकरीतलं सगळ्यांत छोटं पत्र होतं.

गल्लीचं नाव यादीत वर गेलं. चौदा महिन्यांनी घरोघर नळ आला. उद्घाटन शंभरटक्क्यांनीच केलं. फलक तोच होता, फक्त 'शंभर टक्के' वर पांढरा रंग मारून त्या जागी 'काम चालू' असं लिहिलं होतं. फलक अजून तिथेच आहे.

नळ आल्यावर पहिल्या सोमवारी साडेसहाला गुरुजी उठले, तर घरात काकू नव्हत्या. मोरीत भरलेली बादली होती, कोपऱ्यात रिकामा कॅन होता. गुरुजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दारात जाऊन उभे राहिले. काकू मावशींच्या अंगणात बसल्या होत्या. मग शिंपीणबाईंच्या पायरीवर. मग सायकलवाल्याच्या खोक्यावर.

त्या परत आल्या तेव्हा गुरुजी म्हणाले, "त्रेचाळीस मिनिटं."

"कसली?"

"आता तर हातात कॅनही नव्हता."

"मग? ती लंगडी कोंबडी अंड्यांवर बसलीय," काकू म्हणाल्या. "तिला अशी अर्ध्यात सोडून कशी येऊ?"